गरम पेज

घसा बसला म्हणून आज आयोडीनच्या गुळण्या केल्या आणि त्या वासाने मला जपानमधल्या, कोतोतल्या जुन्या घरी नेलं. आठ वर्षांची माझी सई भाताच्या पेजेत थुंकत होती.

लाळेने स्टार्चची साखर होते, मग आयोडीन टाकलं तरी पेज निळी होत नाही, असं मी तिला ऐटीत सांगितलं होतं. निवल्यावर थेंब टाकला, तर पेज निळीशार!

"नीट थुंकलीच नाहीस तू."

"गोमेन, बाबा," तिने माफी मागितली.

खरं तर मीच तिला वाफाळत्या पेजेत थुंकायला लावलं होतं. तेवढ्या उष्णतेने लाळेतलं एन्झाइम मरतं. एन्झाइमवरच पीएचडी केलेला मी. चूक लगेच कळली, पण गप्प बसलो. "सायन्स मला जमत नाही," असं ती पुढे कायम म्हणत राहिली, तरीही.

आज फोन करून तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझी थुंकी चांगली होती?"