फाटकाबाहेरचे पाढे

दाट धुकं पडलं की आमचे अण्णामास्तर वर्गाच्या रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या उघडायचे आणि मुलांना बेंबीच्या देठापासून पाढे म्हणायला लावायचे. मी त्या शाळेत नवीन होते. इतक्या थंडीत खिडक्या कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. ते म्हणाले, "धुक्याला कान नसतात, सुशीलाबाई, पण येणाऱ्या पोरांना असतात. आवाजाच्या मागं मागं येतात बिचारी." आणि खरंच, चिकपेटेच्या बाजूनं आधी टांग्यासारख्या जटक्याच्या घोड्याच्या टापा ऐकू यायच्या, मग कुठूनतरी बारीक आवाजात आमच्याच पाढ्याचा पुढचा आकडा यायचा, आणि मग ते पोर दिसायचं.

आमची शाळा बंगळुरातल्या जुन्या मराठी मंडळींनी चालवलेली. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली घरं, त्यामुळं मास्तरांच्या मराठीत कानडी मुरलेलं. चूल पेटवायची तरी "स्वल्प धग दे गं" म्हणतील. अंगात बारा महिने तोच तपकिरी कोट, हिवाळ्यात वर माकडटोपी. त्या टोपीतून नुसतं नाक बाहेर. पोरं पाठीमागं त्यांना 'नाकमास्तर' म्हणायची, हे त्यांना ठाऊक होतं. एकदा फळ्यावर स्वतःच टोपीतलं नाक काढून खाली लिहिलं, 'हजर'.

शाळा साडेसातला भरायची, पण मास्तर फाटक साडेसहालाच उघडायचे. का, ते मला चंद्रामुळं कळलं. चंद्रा दुसरीतली, पाढ्यांत सगळ्यांच्या पुढं. तिची आई ताराक्का विधवा. ती सकाळच्या पाळीला गिरणीत जायची, आणि जाताना खोलीला कुलूप लावून पोरीला शाळेच्या फाटकाशी सोडायची. अशा आणखी चार-दोन आया होत्या. आमच्या समाजात बाईनं गिरणीत जाणं म्हणजे घराची अब्रू गेली, असा तो काळ. ताराक्काच्या सासरी सांगितलेलं होतं की ती एका घरी स्वयंपाकाला जाते. तिनं मास्तरांकडून आणि माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाली, "दिराला कळलं तर काम सुटेल, बाई, आणि पोरगीही ते घेऊन जातील."

त्या वर्षी धुकं फार पडलं. शाळा समितीचे चिटणीस बाबूराव, चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान. त्यांच्या नातवाला खोकला झाला आणि त्यांनी ठराव आणला की धुक्याच्या दिवशी शाळा नऊला भरावी. विलायतेत बर्फ पडला की शाळा उशिरा भरतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मास्तर म्हणाले, "तिथं बर्फ पडतो बाबूराव, इथं नाक गळतं. नाक पुसायला रुमाल पुरे की." सगळे हसले. पण बाबूराव चिडले. त्यांनी विचारलं, मग मुलांना गारठ्यात काकडत आणण्याचं तुमच्याकडं काय कारण आहे, ते तरी सांगा.

खरं कारण मास्तरांच्या ओठावर होतं आणि ते सांगता येत नव्हतं; ताराक्काचा दीर त्याच सतरंजीवर बसला होता. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी बाईमाणूस; घरच्या अडचणी माझ्या तोंडून निघाल्या तर नवल नव्हतं. नाव न घेता, 'काही मुलांच्या घरी सकाळी कुणी नसतं' एवढं एक वाक्य मी म्हणाले असते तर कुणाला संशय आला नसता.

मी उठले आणि म्हणाले की ठराव योग्य आहे, लहान मुलं आजारी पडतात.

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती, ती करणं बाबूरावांच्या हातात होतं. शिवाय घरी सासूबाईंचं पथ्य, धाकट्याचं दूध, पहाटेची धावपळ; दीड तास मिळाला तर मला हवाच होता. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला मुलांची काळजी होती. नव्हती. मला झोप हवी होती.

ठराव झाला. मास्तर म्हणाले, "सरी, ठरलं तर ठरलं, पण मी फाटक उघडणार." म्हणून समितीनं त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली आणि ती माझ्याकडं दिली, कारण माझं घर शाळेसमोर.

पुढच्या धुक्याच्या सकाळी मी अंथरुणात होते आणि मला पाढे ऐकू आले. खिडकीचं एक दार किलकिलं केलं. फाटकाबाहेर पाच-सहा पोरं भिंतीला टेकून बसलेली, मास्तरांचा कोट त्यातल्या दोघांच्या अंगावर. ते स्वतः सदऱ्यावर उभे, हात काखेत. चंद्रा पाढा सांगत होती, बाकीची तिच्यामागून. किल्ली माझ्या उशाशी खिळ्याला होती. मास्तरांनी माझ्या खिडकीकडं एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी खाली गेले असते, असं मला वाटतं. पण त्याचीही खात्री देत नाही. मी दार लोटून घेतलं.

दुसऱ्या धुक्यालाही तसंच झालं. त्यानंतर चंद्रा आली नाही. ताराक्कानं तिला मावशीकडं उदबत्त्या वळायला बसवलं, हे मला बाजारात कळलं. मास्तर तेव्हा छातीत कफ होऊन घरी पडून होते. त्यांना कुणी सांगितलं नाही. उन्हाळ्यात समितीनं वयाचं कारण देऊन त्यांना निरोप दिला. त्यांच्या जागी मुख्याध्यापिका म्हणून मला नेमलं.

बंगळूर सोडून ते धारवाडला मुलीकडं जायला निघाले, त्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. सगळं बोलून टाकायचं ठरवून गेले होते. ट्रंकेवर बसून ते दोरी बांधत होते. फार वाळले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "फाटक उघडता ना बाई, साडेसहाला?"

मी म्हटलं, "उघडते." हे खरं होतं. मुख्याध्यापिका झाल्यावर पहिलं काम मी तेच केलं होतं.

"चंद्रा येते?"

मी म्हटलं, "येते. पहिली येते."

त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मग तिला पुढं बसवा. बाकीची तिच्या आवाजावर येतील." आणि दोरीच्या गाठीवर बोट ठेवायला सांगितलं. मी बोट ठेवलं, त्यांनी गाठ आवळली.