शिंप्याचं घर बसू लागलं तेव्हा

खड्ड्याच्या कामावर तिला सगळे मोजणीबाई म्हणत. मोठ्या इमारतीच्या तळघरासाठी तिथे जमिनीतलं पाणी पंपांनी अखंड उपसलं जात होतं. पाणी गेलं की आसपासची माती दबते आणि तिच्यावरची घरंही हळूहळू बसायला लागतात. ती किती बसली, हे रोज पाहायचं तिचं काम. तिपाईवर दुर्बीण लावायची, शेजारच्या भिंतींत ठोकलेल्या पितळी खुणांची उंची मोजायची आणि आकडा इंजिनिअरला कळवायचा.

पंप सांभाळायचा तिचा सख्खा थोरला भाऊ. वडील गेल्यावर स्वतःची शाळा सोडून त्यानेच तिला शिकवलं आणि या कामावर चिकटवलंही त्यानेच. "माझ्या खड्ड्यात चप्पल भिजायची नाही," असं तो छातीठोकपणे सांगायचा.

खड्ड्याला अगदी लागून एका म्हाताऱ्या शिंप्याचं घर होतं. काका एकटेच, कानाने अधू, पण जीभ तिखट. भिंतीत खूण ठोकू द्यायलाही त्यांनी आढेवेढे घेतले होते. आता मात्र ती दिसली की मशीन थांबवून विचारायचे, आज घराचं वजन किती वाढलं म्हणून.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक भेग होती. ती वाढली तर कळावं म्हणून तिच्यावर चिकटवलेली काचपट्टी एका सकाळी तडकलेली दिसली. मोजलं तर भिंत एका दिवसात आठवडाभराइतकी खचलेली. आपलंच चुकलं असेल या आशेने तिने पुन्हा मोजलं. आकडा तोच. ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली होती. आता पंप थांबवायला हवे होते. आणि पायाचं काँक्रीट दुसऱ्याच दिवशी पडायचं होतं.

ती आधी भावाकडे गेली. त्याचा चेहरा पडला.

"बारके, एक दिवस कळ काढ. काँक्रीट पडू दे, मग सांग."

"दादा, काका स्वयंपाकघरातच झोपतात, त्याच भिंतीला डोकं लावून."

तो तोंड फिरवून पंपाकडे वळला. तिने आकडा इंजिनिअरला दिला. त्यांनी हुज्जत घातली नाही. माणसं वर काढली आणि पंप एकेक करून बंद करवले. संध्याकाळपर्यंत बांधून ठेवलेल्या सळया पाण्याखाली गेल्या. दादा तिला न घेताच घरी गेला. वहिनीने ताट वाढलं, तर बहिणीकडे पाठ करून जेवला. ज्याने आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या, त्याच्याच मेहनतीवर आपण पाणी फिरवलं, हे तिला खात राहिलं.

मग खड्डा आणि घर यांच्यामध्ये विहिरी पाडायचं ठरलं, म्हणजे उपसलेल्यातलं थोडं पाणी घराखालच्या मातीत परत सोडता येईल. पाइप टाकायला दादालाच काकांच्या अंगणात जावं लागलं. काकांनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि भेग दाखवली. ती वाकडीतिकडी होत थेट उशीपर्यंत आली होती. दादा बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिला. मग त्याने खाट उचलून पुढच्या खोलीत नेली, गादी घातली, पाण्याचा तांब्याही जवळ ठेवला.

पंप पुन्हा सुरू झाले, यावेळी बेताने. थोड्या दिवसांनी कामावरून निघताना दादा फाटकापाशी उभा दिसला.

"आकडा काय आला?"

"थांबलंय, दादा. कालचाच आहे."

त्याने तिच्या खांद्यावरची तिपाई काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

खचलेलं घर काही वर आलं नाही. भिंत कंपनीने दुरुस्त करून दिली, पण स्वयंपाकघराचं दार अजूनही घासतं, आणि काका त्यावरून दोघा भावंडांना यथेच्छ बोल लावतात. रविवारी दादा रंधा घेऊन ते दार तासायला गेला होता.