काळूच्या तरीवरचं बिननावाचं इंजिन

होडीला लावायचं इंजिन स्वस्तातलं, बिननावाचं घ्यावं की नाही, असं शहापूरकडची ओळखीची माणसं मला अजून विचारतात. मी तारी नाही, मिस्त्री नाही. पण अशा एका इंजिनाशी माझा संबंध आला होता, तो लोकांना अर्धाच माहीत आहे. उरलेला अर्धा मी आजवर लिहिला नाही.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मुरबाड तालुक्यात काळू नदीच्या काठी एका गावात मी शाळामास्तर होतो. नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात माणसं धोतर खोचून पलीकडे जात. पाऊस लागला की दिवाळीपर्यंत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चाले. पलीकडून शहापूरची वाट, अलीकडून मुरबाडचा बाजार आणि दवाखाना. तर चालवणाऱ्याला सगळा गाव मामा म्हणायचा. पन्नाशीचा, बुटका, कमी बोलणारा माणूस. त्यांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरला होता. वल्हं मारताना खालचा ओठ दाताखाली जायचा. तर जिल्हा लोकल बोर्डाच्या मक्त्याची होती. खांदा गेला की तर जाणार, हे मामांना माहीत होतं, आणि तरीवर डोळा ठेवून बसलेल्या दोघातिघांनाही.

म्हणून मामा मुंबईला गेले आणि होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन घेऊन आले. नावाजलेल्या कंपनीचं परवडणारं नव्हतं. हे भंगारबाजारातलं. नावाची पितळी पट्टी कोणी तरी काढून घेतली होती, तिच्या जागी नुसती स्क्रूची भोकं. काठावर गाव जमला.

"मामा, कंपनी कंची याची?"

"नाय माहीत."

"आईबापाचा पत्ता नाय, आणि घरात घेतलात?"

"तुजा पत्ता मला चांगला माहीत हाय," मामा म्हणाले, "तरी तरीत घेतोच ना तुला."

ते कसं निवडलं, हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं. दुकानदाराकडे तशी तीन होती. मामांनी तिन्ही पाण्याच्या पिंपात चालू करायला लावली, बांबूचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून ऐकत राहिले. होडीसाठी फळी घेताना ते ठोकून ऐकत, तसंच. दुकानदार हसत होता म्हणे. त्यातलं आवाजात खोट नसलेलं एक त्यांनी उचललं.

आणि ते इंजिन काय चाललं! दोरीच्या पहिल्या ओढीला कधी सुरू व्हायचं नाही, तिसरीला हटकून व्हायचं. पुराच्या पाण्यात वल्ह्यावरची तर पार खालच्या वळणापर्यंत वाहवत जायची आणि मग काठाकाठाने ओढत आणावी लागायची. मामा इंजिन तिरकं धरत आणि नेमकी समोरच्या उतारावर लावत. आषाढात एक अडलेली बाई त्यांनी अशा पाण्यातून मुरबाडच्या बाजूला आणली. बाई आणि मूल दोन्ही सुखरूप घरी गेली. थट्टा करणारेच त्यानंतर तर पाण्यात लोटायला पुढे येऊन "बसा मामा, आमी ढकलतो" म्हणू लागले.

या जातीच्या इंजिनाला तेल वेगळं घालत नाहीत, पेट्रोलमध्येच मोटारीचं ऑइल मापाने मिसळतात. ते काम मामांनी माझ्यावर सोपवलं होतं. मापाचं काम मास्तरनं करावं, एवढाच त्यांचा हिशेब. बाटलीवर मी खूण केली होती. शनिवारी शाळा सुटली की मुरबाडला जायचं, लॉरीवाल्या मिस्त्रीकडून ऑइल भरून आणायचं.

श्रावणात बोर्डाचा ओव्हरसियर तर तपासायला येणार असं कळलं. इंजिन त्याच्या पसंतीला उतरलं तर मक्ता मामांकडेच राहणार होता. सोमवार ठरला. त्या शनिवारी मी मुरबाडला गेलो, एका मित्राकडे पत्ते खेळत बसलो आणि संध्याकाळी रिकामी बाटली घेऊन परत आलो. रविवारी पाऊस होता. पुन्हा तेवढं चालायचा मला कंटाळा आला.

घरात करंजेल होतं. आमच्याकडे करंजेल दिव्याला लागतं, खरजेला लागतं, बैलाच्या खांद्याला लागतं, आणि होडीच्या फळ्या तर दरसाल त्यानेच माखतात. रंग तोच, दाटपणा तोच. जे होडीला मानवतं ते होडीच्या इंजिनालाही मानवेल, असं मला खरोखरच वाटलं. खुणेपर्यंत मोजून मी ते पेट्रोलमध्ये ओतलं. मामांना सांगितलं नाही, कारण मग पत्त्यांचंही सांगावं लागलं असतं.

सोमवारी ओव्हरसियर छत्री उघडून मध्ये बसले, मी त्यांच्या शेजारी. अर्ध्या पात्रापर्यंत इंजिन छान चाललं. "वा," ओव्हरसियर म्हणाले. मग आवाज जड झाला, निळा धूर आला आणि इंजिन थांबलं. मामांनी त्या खांद्याने दोरी किती वेळा ओढली, मला मोजवेना. तर वाहू लागली. शेवटी त्यांनी वल्हं घेतलं आणि फार खाली, जांभळीच्या मुळांना धरून आम्हाला काठाला लावलं. करंजेल जळल्याचा वास सगळीकडे होता, पण तर स्वतःच करंजेलाने माखलेली, त्यामुळे कोणाला वेगळं काही वाटलं नाही.

"स्वस्त घेतलं की असं होतं," ओव्हरसियर म्हणाले, आणि अहवाल मला लिहायला लावला. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: यंत्र बिननावाचे व हलक्या प्रतीचे असून भरवशाचे नाही.

"काय लिवलंत, मास्तर?" मामांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि अंगठा दिला.

इंजिनाला मनाई झाली. ते गोठ्यात पोत्याखाली गेलं. मामांनी ते पुन्हा उघडून पाहिलंही नाही. तर मात्र गेली नाही, कारण दुसऱ्या दिवशी मामींनी वल्हं हातात घेतलं. बाईमाणूस तर चालवतंय म्हणून पहिला आठवडा काठावर बरीच करमणूक झाली.

"मामी, आज मामांना बसवलंत होय?"

"तुला पण बसवते. मधल्या पाण्यात."

तीन पावसाळे मामींनी वल्हं मारलं. त्याचा मला त्रास होत होता, पण सवय झाली होती. सवय झाली नाही ती एका गोष्टीची. होडीला नवी फळी हवी होती, तेव्हा मामांनी ती ठोकून पाहिली नाही. सुताराला म्हणाले, "तूच बघ रे. माजा कान गेला." कान शाबूत होता. मी तो घालवला होता.

तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी माझी बदली झाली. ट्रंक घेऊन तरीवर आलो, आणि काठावरच, हळू आवाजात, मामांना सगळं सांगितलं. ते नदीकडे बघत होते.

"करंजेल?"

"होय."

"किती?"

"खुणेपर्यंत."

"म्हंजे माप बरोबर होतं," मामा म्हणाले.

मला वाटलं, एवढ्यावर सुटलो. तर अर्ध्या पात्रात आली तेव्हा मामांनी हात वर केला. मामींनी वल्हं थांबवलं. तरीत बाजाराची पाचसात माणसं होती.

"मास्तरांना काय तरी बोलायचं हाय," मामा म्हणाले. "त्यांचं झालं की जाऊ."

तर हळूहळू खाली सरकत होती. मी बोललो. पत्त्यांपासून करंजेलापर्यंत, आणि तो अहवाल. कोंबड्या घेऊन बसलेली एक म्हातारी सगळं ऐकून म्हणाली, "मंग इंजिन बरं होतं?"

"बरं होतं," मी म्हणालो.

"परत सांगा," मामा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, रागाने. "मागं ऐकू नाय आलं."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग मामींनी वल्हं पाण्यात घातलं. उतरताना माझ्या ट्रंकेला कोणी हात लावला नाही.

बोर्डाला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. गावच्या तलाठ्याकडून मात्र पुढे कळलं, की मामांनी सुताराला हाताशी धरून इंजिन खोललं, राळेसारखा जमलेला चिकटा रॉकेलमध्ये भिजवून चार दिवस खरवडला, आणि मुरबाडचं ऑइल घातलं. नवा ओव्हरसियर येऊन बघून गेला आणि मनाईचा विषय त्याने काढला नाही. पुढच्या आषाढात तर इंजिनावर चालली. मामा मागे बसून दिशा धरत. त्यांचा खांदा तोवर पार गेला होता. दोरी मामी ओढत.