कुकोने बोट दाखवलेली गाडी

कुको मोन्तेहानोच्या हाताला डोळे आहेत, असं पकोइमाच्या वस्तीत सगळे म्हणायचे. ठोकलेल्या मडगार्डवरून तळवा फिरवला की कुठे खड्डा, कुठे उंचवटा, गडी बिनचूक सांगायचा. कौतुक ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. मेल्या त्याच हाताने शेवटी घात केला, आणि तोही सख्ख्या भावाच्या गाडीचा.

गाडी म्हणजे एकावन्न सालची मर्क्युरी. कुको आणि धाकटा एफ्रेन, दोघांनी ती भंगारातून उचलून आणली आणि अंगणात वर्षानुवर्षं राबून उभी केली. छत कापून बुटकं केलं, दारांच्या मुठी काढून पत्रा सपाट केला, सांधे वितळलेल्या शिशाने भरले. शिशाऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, फासून मोकळं होणाऱ्यांना दोघे भाऊ 'गवंडी' म्हणून चिडवायचे. डाव्या मडगार्डवर एफ्रेनचा हात जरा घसरला आणि शिशाला बारीकशी लाट आली. डोळ्यांना दिसायची नाही, पण तळव्याला लागायची.

"घासून काढ ती," कुको म्हणाला.

"राहू दे ना. माझी सही समज," एफ्रेन हसला.

मग एफ्रेन व्हिएतनामच्या लढाईवर गेला आणि तिकडेच संपला. कुको दर रविवारी आईला, तोमासाला, त्याच गाडीतून चर्चला न्यायचा. ती पुढच्या सीटवर बसायची आणि रस्ताभर एफ्रेनशी बोलायची. गाडी चालवणाऱ्या थोरल्याशी एक अक्षर नाही! कुकोला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण आई त्या गाडीपुरती तरी बोलते, हसते, यावर त्याने समाधान मानलं होतं.

कुको ज्या गॅरेजात कामाला होता, त्याचा मालक वेंडेल थार्प टीव्हीच्या मालिकांना गाड्या बनवून द्यायचा. म्हणजे बनवायचा कुको, मिरवायचा थार्प. एका मालिकेत खलनायकाची गाडी दरीत कोसळायची होती. थार्पने मर्क्युरी पाहिली आणि हटूनच बसला.

"अरे, रस्त्यावर पळताना दिसेल ती तुझी. दरीत जाईल ती तिच्यासारखी दुसरी, भंगारातली. तुझ्या गाडीला ओरखडासुद्धा येणार नाही."

आई ऐकेना. "टीव्हीवर दिसून कुणाचं भलं झालंय?"

"अमा, एफ्रेनला गाडी मिरवायची किती हौस होती, आठवतंय ना?"

एफ्रेनचं नाव काढलं की ती विरघळते, हे कुकोला पक्कं ठाऊक होतं. तेच त्याने वापरलं.

"जशी नेतोयस तशी आण," ती म्हणाली. "मला दुसरं काही नको."

"आणतो. शब्द देतो."

आता दरीत फेकायच्या गाडीला कुणी जीव लावतं का? चार ठिकाणी रंग मारायचा, द्यायची ढकलून. पण हे पडले मोन्तेहानो! शिशाला वेळ नाही म्हणून थार्पने लांबी भरायला लावली, तेव्हा कुको दिवसभर धुसफुसत होता. मग त्या रागात त्याने बाहेरून ती गाडी अशी हुबेहूब केली की बघत राहावं. तोच जांभळा रंग, तशीच बुटकी, छाती काढून उभी. डाव्या मडगार्डवर हात आला आणि सवयीने तिथे लाटही उमटली. कुको स्वतःशीच हसला, आणि ती राहू दिली.

चित्रीकरण डोंगरातल्या घाटात होतं. नकली गाडीतल्या भंगार सीटा दिसू नयेत म्हणून दोन्ही गाड्यांच्या काचा काळ्या केलेल्या. दिवसभर कुणी ही पुढे घे, कुणी ती मागे घे, असं चाललेलं. ऊन उतरायला लागलं तसा दिग्दर्शक बोंबलायला लागला. दोन्ही गाड्या धुळीने माखून शेजारी शेजारी उभ्या, आणि ट्रक ढकलायला तयार.

"ए कुको, कुठली ढकलायची? लवकर बोल!"

कुको धावत गेला. जवळच्या गाडीच्या मडगार्डवर त्याने तळवा टेकवला. लाट लागली. एफ्रेन!

"ही राहू दे," त्याने पलीकडे बोट दाखवलं. "ती ढकला."

अरे बाबा, दार उघडून आत डोकावायचंस! दुसऱ्या गाडीला हात लावायचास! पण ज्याच्या हाताला डोळे, तो कशाला डोकावतोय?

गाडी कड्यावरून गेली, खडकावर आपटली, उलटली, पुन्हा आपटली. कुको लांबीचा भुगा उडायची वाट बघत होता. लांबी फुटली की पांढरा धुरळा उडतो. धुरळा उडालाच नाही. खाली सांध्यांतून नुसतं शिसं चमकत होतं.

थार्प टाळ्या वाजवत आला. "झकास पडली!" मग कुकोचं तोंड बघून त्याला उमजलं. "हात्तिच्या! अरे, दुसरी आहे की. इंजिन घाल तिच्यात. म्हातारीला काय कळतंय?"

तोच मोह कुकोला घरापर्यंत छळत राहिला. ट्रकवरून गाडी उतरवली तेव्हा तोमासा फडकं घेऊन अंगणात आली. "आलास बाई तू, माझ्या राजा," म्हणत छतावरची धूळ पुसायला लागली. ते बघवेना.

"अमा, थांब. ही ती नाही. ती दरीत गेली."

तिचा हात थांबला. "कुणी ढकलली?"

"ट्रकने. पण बोट मी दाखवलं."

ती फडकं तिथेच टाकून घरात गेली. रविवारी चर्चला चालत गेली. कुकोने बनवलेली गाडी गल्लीत पडून राहिली.

तो भाग लागला त्या संध्याकाळी गल्लीतले सगळे त्यांच्याच घरी जमले. रंगीत टीव्ही शेजाऱ्यांनी उचलून आणलेला. तोमासाने सगळ्यांना मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले वाढले आणि अगदी पुढे जाऊन बसली. मर्क्युरी पडद्यावर आली तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. घाटातून झोकात वळणं घेत गेली, कड्यावर आली आणि पडली. घरभर टाळ्या!

टाळ्या थांबल्यावर तोमासा मागे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती कुकोशी बोलली.

"हे पुन्हा दाखवतात का रे?"

"हो अमा," कुको म्हणाला. त्याला वाटलं, तिला आवडलं. "उन्हाळ्यात जुने भाग परत लावतात."

"म्हणजे माझ्या पोराला परत ढकलणार," ती म्हणाली, आणि ताटल्या गोळा करायला उठली.