शालिकभाऊंनी रिकामा केलेला डब्बा

फोन आला तेव्हा मी एका पिकअपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून पॉवर वाढवायचा डब्बा बसवत होतो. पलीकडून शालिकभाऊंचा पुतण्या म्हणाला, "मनोहरकाका, शालिकबाबा गेले. चहा पिता पिताच... आता घाटाकडे निघालो आम्ही." मी "येतो" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि उरलेले दोन स्क्रू आवळले. गिऱ्हाईक उभं होतं ना! घाटावर पोचलो तेव्हा चिता पेटलेली होती. या गोष्टीला आता दीड महिना झाला, पण ते दोन स्क्रू काही डोक्यातून जात नाहीत.

शालिकभाऊंनी आणि मी नागपुरात एकोणीस वर्षं भागीदारीत गॅरेज चालवलं. ते कोष्ट्याच्या घरातले, हातमागाच्या खटखटाटात वाढलेले. बाजूच्या खोलीत सूत तुटलं तरी बापाला आवाजावरून कळायचं, असं सांगायचे. तोच कान त्यांनी इंजिनाला लावला. डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकायचे आणि दुखणं नेमकं सांगायचे. त्यांचा नियम एकच होता. "एका टायमाले एकच गोष्ट बदलव, मन्या. मंग फरक सांग." गाडीत काहीही नवीन लावलं की दर वेळी तेवढीच पोती भरायची आणि रामटेकच्या गडाचा तोच चढ चढून पाहायचा, हातात घड्याळ घेऊन. जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडायचा. मी वैतागायचो. पण त्यांच्या हातची गाडी परत आली असं फारसं झालं नाही, हेही खरं.

मग बाजारात ते डब्बे आले. डिझेल पिकअपच्या कॉम्प्युटरला जोडायचे, म्हणजे तो इंजिनात जास्त डिझेल सोडतो. पेट्रोल-सीएनजीवाल्यांसाठी भारीतले प्लग आणि कॉइल. मोबाइलवर व्हिडिओ पाहून ड्रायव्हर रांगा लावू लागले आणि मी हुरळून गेलो. डब्बा लावण्याआधी मी एअर फिल्टर साफ करायचो, चाकांत हवा भरायचो, तुंबलेला डिझेल फिल्टर बदलायचो. गाडी हलकी पळायची आणि नाव व्हायचं डब्ब्याचं. शालिकभाऊंनी हे दुसऱ्याच दिवशी ओळखलं. "फरक फिल्टरचा हाये गा. तू लोकायले डब्बा दाखवून राहिला." काही गाड्यांना डब्ब्याने जोर यायचा, खोटं कशाला बोलू? पण चढावर काळा धूर निघायचा, इंजिन तापायचं आणि डिझेलही जास्त जायचं. हे सगळं त्यांनी रामटेकला जाऊन पाहिलं होतं. मी पाहायला गेलोच नाही.

सावनेरचा एक भाजीवाला डब्ब्यासाठी आला, त्या दिवशी सगळं फाटलं. त्याला रामटेकलाच माल टाकायचा होता. शालिकभाऊंनी त्याच्या गाडीची नेहमीची साफसफाई केली, डब्बा उघडून आतली सर्किटची पट्टी काढून घेतली आणि नुसतं खोकं बसवलं. वरचा हिरवा दिवा तेवढा जळत ठेवला. संध्याकाळी तो गडी मिशीला पीळ देत परत आला. "काय पॉवर वाढली भाऊ! गड एका दमात चढली." दहा-बारा ड्रायव्हर उभे होते. शालिकभाऊंनी खोकं काढून सगळ्यांसमोर उघडलं. "पाह्य, आत काहीच नाही. तुह्या गाडीची साफसफाई केली, बस."

शालिकभाऊंना वाटलं, तो खूश होईल. त्याची गाडी धडधाकट होती, डब्ब्याची गरजच नव्हती, यापरीस चांगली बातमी कोणती? पण त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. "काहून माहं हसं केलं इतक्या लोकांत?" तो माझ्याकडे वळला. सगळेच माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "शालिकभाऊ, उद्यापासून तुम्ही तुमचं वेगळं पाहा."

त्यांनी हात पुसले, ते खोकं उचललं आणि गेले. पुढे उमरेड रोडला टिनाच्या शेडमध्ये बसू लागले. खरं सांगणाऱ्या मिस्त्रीकडे कोण जातं? सहा वर्षांत मी एकदाही गेलो नाही. एकदा टायरच्या दुकानासमोर दिसले. माझ्या चालू गाडीजवळ थांबले, मान वाकडी केली. "दुसऱ्या सिलिंडरचा आवाज येगळा येऊन राहिला. पाहून घेजो." मी काच वर केली. पंधरा दिवसांनी त्याच दुसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर गेला.

तेरवीला सगळ्या गॅरेजवाल्यांनी भाषणं ठोकली. असा मिस्त्री होणे नाही म्हणे! त्यांना वेडा म्हणून हसलेले हेच लोक. आणि मी त्यांच्यातच मांडी घालून बसलो होतो... निघताना शालिकभाऊंच्या बायकोने, सुमनवहिनींनी, तेच हिरव्या दिव्याचं खोकं माझ्या हातात ठेवलं. आत शालिकभाऊंचं फिलर गेज होतं, वॉल्व्हची फट मोजायच्या त्या पातळ पात्या. मला मोजायला शिकवलं ते याच पात्यांनी. वहिनी म्हणाल्या, "मन्या आला का देजो, म्हणत होते. तुमी आलेच नाही."

ते खोकं आता माझ्या टेबलावर असतं. गेल्या आठवड्यात बुटीबोरीचा एक पिकअपवाला आला. मी फक्त साफसफाई केली, त्याला चक्कर मारायला पाठवलं आणि नवा डब्बा पाकिटातच ठेवला. ठरवलं होतं, या वेळी खरं सांगायचं. तो परत आला तो हसतच. "भाऊ, डब्बा लय भारी हाये!" मागे तिघं-चौघं उभे होते.

"भारीच आहे," मी म्हणालो. गाडी देण्याआधी पाकिटातला डब्बा बसवूनही टाकला. मग टेबलापाशी आलो. शालिकभाऊंचं खोकं उघडं होतं. मी त्याचं झाकण लावलं.