लटारूभाऊंचा वन्स मोअर

लटारूभाऊंचा आवाज असा, की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेतली माणसं दचकावीत. स्वतःला मात्र ऐकू येत नाही. सावली तालुक्यातल्या या माणसाचे कान सैन्यात तोफा डागता डागता गेले. घरी परतल्यावर त्यांनी वडशाच्या एका नाटक कंपनीत खलनायकाचं काम धरलं. प्रॉम्प्टरचा त्यांना उपयोग नव्हता, म्हणून अख्खं नाटक पाठ करायचे आणि समोरच्याच्या ओठांवरून आपली पाळी ओळखायचे. भाऊंशी बोलताना पाठ फिरवायची नाही, असा कंपनीत नियमच झाला होता.

अपंगत्वाची पेन्शन मागितली, तर साहेबलोकांनी नाटकाच्या पोस्टरवर बोट ठेवलं. स्टेजवर संवाद म्हणणारा माणूस बहिरा कसा? सोंग करतो, म्हणून अर्ज फेटाळला. तोफेजवळ उभं राहून कान जातात, हे कळायला काय मोठी अक्कल लागते, देव जाणे.

भाऊंनी दावा लावला. त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईनं विनवलं, "औंदा नाटक राहू द्या ना जी. निकाल तं लागू द्या."

"कान तोफेनं नेले. आता जीभ बी काऊन देऊ?" म्हणत भाऊ वडशाला निघून गेले.

त्याच हिवाळ्यात फजिती झाली. गाणं संपलं, लोकांनी वन्स मोअर मागितला, नायिका प्रेक्षकांकडे तोंड करून पुन्हा गाऊ लागली. तिचे ओठ न दिसल्यानं, आपली पाळी आली समजून तिच्या मागून भाऊ गरजत आले आणि तिच्या गाण्यावरच आपले संवाद म्हणत सुटले. लोक हसून बेजार. कोणीतरी काढलेला व्हिडिओ गावोगावच्या मोबाईलवर फिरला. लाजेनं भाऊ आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. मग एका सकाळी उठले आणि तोच व्हिडिओ घेऊन वकील निशाताईंकडे गेले.

"दाखवा साहेबाले. मी सोंग करून राह्यलो का, पाहू द्या त्याले."

सुनावणीत व्हिडिओ लागला. सगळे हसले. भाऊ ताठ बसून राहिले. न्यायाधीशांनी तो पुन्हा एकदा पाहिला, सरकारी वकिलाला काही विचारलं आणि कागदांत मान घालून निकाल सांगितला. निशाताईंचे डोळे भरून आले. धुरपताबाईनं पदर तोंडाला लावला.

भाऊ उभे राहिले.

"साहेब, तोंड वर करून सांगा. मले दिसलं नाई."

न्यायाधीशांनी मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सांगितलं, "पेन्शन मंजूर."