खोबरेल तेलाचे ब्रेक

माझ्या वडिलांची चूक स्वतःच्या माथी घेणारा माणूस आज सकाळी गेला.

तातू मेस्त्री. विजयदुर्गचे जुने मेकॅनिक. वय नव्वदीच्या घरात.

साठच्या दशकातली गोष्ट, माझ्या जन्माआधीची.
मेस्त्री गावातल्या शेटच्या गॅरेजमध्ये कामाला. त्याच शेटची एक जुनी विलायती व्हॅन होती. बाबा तिचे ड्रायव्हर. सुकी मासळी कोल्हापूरला न्यायची, येताना गूळ आणायचा.

ब्रेक जुन्या तऱ्हेचे, लोखंडी सळ्यांनी ओढले जाणारे; उतारावर धड लागत नसत. घाट उतरताना बाबा देवाचं नाव घेत.

मेस्त्रींनी भंगारातल्या ट्रकचे ऑइल ब्रेक तिला बसवायचं ठरवलं.
शेटने बजावलं, "कायय बिघडला तर करणाऱ्याक घरी पाठवतलंय."

पाइप, सिलिंडर, रबर, सगळं त्यांनी हाताने जुळवलं. ब्रेक ऑइल मिळेना, तर एरंडेलात स्पिरिट मिसळून ते घरीच तयार केलं.
चौथी शिकलेला माणूस. त्याला हे कुठून सुचलं, मला अजून कळलेलं नाही.

तेल भरायचं काम बाबांकडे होतं.

पहिल्या फेरीला मेस्त्री सोबत गेले. परतताना फोंडा घाटाच्या माथ्यावर मुक्काम पडला. कडाक्याची थंडी.
सकाळी निघण्याआधी मेस्त्रींनी पेडल दाबून बघितलं.
हललंच नाही.

झाकण उघडलं. आत पांढरं, गोठलेलं.
"सोमा, ह्या काय घातलंस?"
"मेस्त्री, तुमच्या तेलाची बाटली हातसून फुटली. भियालंय. घरातला खोबरेल घातलंय."
"मेल्या, ता केसांक लावतत."

समुद्रकाठी खोबरेल असं दगडासारखं गोठलेलं बाबांनी बघितलंच नव्हतं.
तसेच घाटात उतरले असते तर मी आज हे लिहायला नसतो.

सगळं खोलून, धुऊन, नवं तेल भरून घरी यायला दोन दिवस उशीर झाला.
शेटने विचारलं, चूक कोणाची?
"माझी. तेल मीच घातलंय," मेस्त्री म्हणाले.
त्याच दिवशी त्यांना गॅरेजमधून काढलं. बाबांची नोकरी राहिली.

बाबांनी हे मला शेवटच्या आजारात सांगितलं. मी मेस्त्रींकडे गेलो.
"काका, असा कित्याक केल्यात?"
"माझे हात खंयच्याय गॅरेजात चलतले. तुझ्या बापाशीक गाडी सोडून दुसरा काय येय होता?"
आणि हसले.

त्यांनी बसवलेले ते ब्रेक बाबांनी पुढे अनेक वर्षं त्या घाटात दाबले.

आज देवळात हात जोडून तुमच्या नावाने देवाला गाऱ्हाणं घातलं, काका.
सावकाश जा. नमस्कार.